पेरमिलीच्या पुढे

“पेरमिलीपर्यंत साठचा स्पीड, अन् पेरमिली सुटली की अठरा,” साधनाबाई कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या. “मधात चार मिनिटं गाडी उभी. मंग आलापल्लीच्या दवाखान्यापर्यंत अठराच्या वर गेलीच नाई. काऊन, शहबाज?”

टेबलावर मुठीएवढं जीपीएस यंत्र पडलं होतं, त्याच्याकडे शहबाज बघत राहिला. भामरागडच्या पलीकडे मोबाईल मुके होतात, म्हणून साधनाबाईंच्या संस्थेने पेशंटच्या जीपला ते यंत्र दिलं होतं. शहबाजला खरं तर त्याची गरज नव्हती. सहा वर्षं जीप चालवून त्या रस्त्यावरचा खड्डा न् खड्डा त्याला पाठ झाला होता. पण गड्याला हौस दांडगी. यंत्राला तो ‘मुकादम’ म्हणायचा. कुठी वळाचं थे सांगते अन् कुठी टाइमपास केला थे लिहून ठेवते, असं म्हणून चहाच्या टपरीवर सगळ्यांना हसवायचा. आज मुकादमाने खरोखरच चुगली केली होती, आणि हसायला कोणी नव्हतं.

समोर लालसू बसला होता. आठ दिवसांपूर्वी त्याची चौदा महिन्यांची लेक याच जीपमध्ये दगावली. तो तेव्हा मिरची तोडायला तेलंगणात होता. संस्थेची नर्स दुसऱ्या पाड्यावर बाळंतपणात अडकलेली. त्यामुळे गाडीत दोघंच होती, पुढे शहबाज आणि मागच्या बाकावर तापाने फणफणलेल्या पोरीला मांडीवर घेऊन बसलेली तिची आई, रिना. दवाखान्याच्या कागदावर ‘पोहोचण्यापूर्वी मृत्यू’ एवढंच लिहिलं होतं.

“पेरमिलीपासून पाऊण तासाचा रस्ता, याले दोन तास लागले,” लालसूचा आवाज चढला. “साहेबाची पोरगी असती तं अशीच चालवली असती का यानं?”

मग तो दाराकडे वळला. तिथे रिना पदराचं टोक तोंडात धरून उभी होती. “अन् तू? तू काय करून राह्यली होती? झोपली होती का गाडीत?”

आठ दिवसांत रिना कोणाशीच बोलली नव्हती. लालसूच्या प्रश्नाचं उत्तर शहबाजला मात्र माहीत होतं.

ती झोपली होती. त्याने स्वतः पाहिलं होतं. पेरमिली मागे पडली आणि पोरीच्या छातीतली घरघर एकाएकी थांबली. ती घरघर ऐकतच तो गाडी दामटत होता, त्यामुळे ती थांबल्याचं त्याला लगेच कळलं. त्याने जीप सागाच्या झाडाखाली उभी केली आणि मागचं दार उघडलं. पोरीच्या नाकाखाली बोट धरलं. मनगट चाचपलं. पुन्हा नाकाखाली बोट धरलं. रिनाचं डोकं खिडकीला टेकलेलं, डोळे मिटलेले. दोन रात्री तिने पोरीच्या उशाशी जागून काढल्या होत्या. तिला हाक मारायला त्याने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. चार मिनिटं तो दार धरून नुसता उभा राहिला. मग पुढे येऊन बसला आणि एकाही खड्ड्यात चाक जाणार नाही अशी गाडी चालवू लागला. आता घाई कशाची होती? झोपू दे तिला, तेवढीच झोप, असं त्याला वाटलं होतं.

हे इथे सांगितलं असतं तर तो सुटला असता. पण मग लेक मेली तेव्हा आपण झोपलो होतो, हे रिनाला जन्मभर पुरलं असतं. लालसूनेही तिला ते विसरू दिलं नसतं. आणि नाही सांगितलं तर नोकरी जाणार होती. नोकरीचं एक वेळ सोडा, या भागात त्याच्या गाडीत आपलं आजारी माणूस पुन्हा कोणी ठेवलं नसतं.

“शहबाज, आता तरी बोल,” साधनाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ झाला होता. सहा वर्षांत या माणसाची एक तक्रार त्यांच्यापर्यंत आली नव्हती. “नाई बोलला तं मले तुले कामावरून काढा लागन.”

त्याने एकदा दाराकडे पाहिलं.

“मले झोप येऊन राह्यली होती, बाई. डोळा लागे. म्हणून हळू चालवली.”

लालसूची खुर्ची मागे पडली. त्याने शहबाजची कॉलर धरून त्याला भिंतीवर आदळलं. शहबाजने हात वर केला नाही, तोंडही चुकवलं नाही. साधनाबाई ओरडत मध्ये पडल्या, पण लालसू काही ऐकेना.

“सोड त्याले.”

आवाज रिनाचा होता. लालसूचा हात तसाच थांबला.

“भाऊ खोटं बोलून राह्यला,” ती म्हणाली. “पेरमिलीच्या पुढंच गेली पोरगी. भाऊनं तिच्या नाकाखाली बोट धरलं. दोनदा धरलं. हात लागला मले.”

शहबाज तिच्याकडे बघतच राहिला. “तू तं झोपली होती, रिना.”

“नाई, भाऊ.” तिच्या डोळ्यांतून आठ दिवसांचं पाणी आता घळाघळा वाहू लागलं. “डोळे उघडले असते तं तुमी सांगतलं असतं. म्हणून मिटूनच राह्यली. मंग तुमी गाडी हळू केली. तेवढा वेळ अजून माह्या मांडीवर होती पोरगी.”