एक्केचाळिसावी पिशवी

चाळीस पिशव्या फुगल्या होत्या आणि एक्केचाळिसावी रिकामी लटकत होती. सिस्टर आम्पारोनी तीत हात घालून पुन्हा एकदा चाचपून पाहिलं. काही नाही. पिशवीवर नाव होतं जोवेलिन.

फिलिपिन्समधल्या तागायतायच्या डोंगरावर शाळा दरवर्षी दहावीच्या मुलांना एका दिवसाच्या रिट्रीटला आणत असे. सकाळी प्रार्थना आणि प्रश्नोत्तरं, दुपारी पापांची कबुली, चार वाजता पत्रं. आईबापांकडून पत्रं आधीच गुपचूप लिहून घ्यायची, ज्याच्या त्याच्या कागदी पिशवीत घालायची आणि मेणबत्त्यांच्या उजेडात मुलांच्या हाती द्यायची. मुलांना आधी सुगावा लागू द्यायचा नाही, अशी रीत होती. एरवी आईला फाडफाड उलट उत्तरं देणारी धटिंगण पोरंसुद्धा ती पत्रं वाचून ढसाढसा रडत.

जोवेलिनची आई मिलानला घरकामाला गेली तेव्हा पोर सहा वर्षांची होती. गेली दोन वर्षं आईचा फोनही नव्हता. ती मावशीकडे राहत होती; सिस्टरनी त्या मावशीकडे तीनदा निरोप धाडला. "येईल हो, येईल," एवढंच मावशी म्हणाली.

रिकामी पिशवी घेऊन एकही लेकरू घरी जाता कामा नये, हा सिस्टरचा स्वतःचा कायदा होता. सव्वीस वर्षं त्या तो इमानेइतबारे पाळत होत्या, आणि त्यासाठी इमानेइतबारे खोटं लिहीत होत्या. मुलं नाश्त्याला बसली तशी त्यांनी चॅपलमागच्या खोलीचं दार लोटून घेतलं. फळ्यावरचं त्यांचं वळणदार अक्षर सगळे ओळखत, म्हणून पत्र डाव्या हातानं लिहायचं. 'माझ्या जोवेलिन,' त्यांनी सुरुवात केली. अक्षरं वाकडीतिकडी पडत होती, पण मजकूर सरळ काळजातून येत होता. मग निळं पाकीट डिंकानं बंद करून त्यांनी पिशवीत टाकलं. सुटल्यासारखं वाटलं.

सभागृहात मुलं गोल करून बसली.

"विचारा काय विचारायचंय ते," सिस्टर म्हणाल्या. "देव रागावत नाही. मी रागावले तर बघू."

जोवेलिननं हात वर केला. "सिस्टर, जो कधीच उत्तर देत नाही, तो आहे असं किती दिवस मानायचं?"

"बाई गं! हिला आताच नन करून टाका," मागून कुणीतरी खुसपुसलं. हशा पिकला. जोवेलिन मात्र हसली नाही.

प्रश्न फक्त देवाबद्दल नव्हता, हे सिस्टरना कळलं. "मी मानत आले, पोरी. उत्तर येतं. कधी कधी भलत्याच वाटेनं येतं."

"तुम्ही म्हणता तर असेल. तुम्ही खोटं बोलत नाही ना, म्हणून विचारलं." मग ती हलकेच म्हणाली, "सिस्टर, तुमच्या हाताला शाई लागलीय."

सिस्टरनी डावा हात झग्यात लपवला.

दुपारी फादर बेनितोंपुढे त्याही गुडघ्यावर बसल्या. दर वर्षीचं तेच पाप.

"यंदा किती पत्रं?" फादरनी विचारलं.

"एक."

"गेल्या वर्षी तीन होती. सुधारणा आहे म्हणायची."

चार वाजता मेणबत्त्या लागल्या. पिशव्या वाटल्या गेल्या. सिस्टरची नजर एकाच जागी खिळली होती. जोवेलिननं पिशवीत हात घातला आणि पाकिटं काढली. एक नव्हे, दोन.

बसचा ड्रायव्हर कार्डिंग शेजारी येऊन आनंदानं कुजबुजला, "सिस्टर, त्या पोरीच्या आईचं पत्र आलं बरं का! काल संध्याकाळी तिच्या शेजारचा नोएल शाळेच्या गेटवर देऊन गेला. तुम्हाला सांगायचंच राहिलं. मघाशी मीच टाकलं पिशवीत."

सिस्टरच्या पायाखालची जमीन सरकली. आई एक आणि अक्षरं दोन! दहा वर्षांनी आईचं खरं पत्र आलं आणि त्याला आपण खोट्याची जोड दिली. आता ही पोर कशावर विश्वास ठेवणार? आईच्या शब्दावर नाही, आपल्या नाही आणि सकाळी ज्याची ग्वाही दिली त्याच्यावर तर नाहीच. त्यांना स्वतःच्या डाव्या हाताचा राग आला.

जोवेलिननं दोन्ही पत्रं वाचली. एक वाचताना डोळे पुसले, दुसरं नुसतं घडी घालून ठेवलं. मग ती उठून बाहेर व्हरांड्यात गेली. खाली तळ्यावर धुकं उतरत होतं. सिस्टर मागोमाग गेल्या. लपवण्यात आता अर्थ नव्हता.

"जोवेलिन, त्यातलं एक पत्र खोटं आहे. वाकड्या अक्षराचं. ते मी लिहिलं. मला क्षमा कर, बाळ. पण दुसरं खरं आहे, तेवढं मनात धर. माझ्या चुकीपायी आईवर शंका घेऊ नकोस."

"वाकडं तुमचं, ते ठाऊक होतं मला." पोरगी गालात हसली. "आमच्या गल्लीत तसली तीन पत्रं आहेत, सिस्टर. नोएलनं तर त्याचं काच लावून भिंतीवर टांगलंय. त्याचा बाप बोटीवर असतो, त्या बापाला लिहिताच येत नाही."

सिस्टर मटकन बाकावर बसल्या. सव्वीस वर्षांचं गुपित! पण त्यांना आता त्याचं काही नव्हतं.

"ते राहू दे," त्या म्हणाल्या. "तुझी आई काय म्हणते? बरी आहे ना?"

जोवेलिन त्यांच्या शेजारी बसली. घडी घातलेलं पत्र तिनं त्यांच्या शाई लागलेल्या हातात ठेवलं आणि वर आपला हात ठेवला.

"हे मी लिहिलंय, सिस्टर. यंदा तरी तुम्हाला डाव्या हातानं लिहावं लागू नये म्हणून."