कळवळा

शिलाई कारखान्यातल्या उकाड्याने माझ्या थोरल्या जाऊबाई मशीनवरच कोसळल्या. कुणीतरी केलेलं शूटिंग थेट परदेशात पोचलं. आम्ही शिवलेले शर्ट तिथे विकले जायचे. तिथली माणसं आमच्यासाठी दुकानांपुढे धरणं धरून बसली. फोनवर ते बघून जाऊबाईंना भरून आलं. "ना नात्याची ना गोत्याची, तरी किती जीव तुटतोय त्यांचा, बघ गं!"

बदनामीला घाबरून परदेशी कंपनीने आमच्या कारखान्याला ऑर्डरी देणंच बंद केलं. कारखान्याला टाळं लागलं. दारोदार काम मागत आम्ही दोघी एका तळघरातल्या शिलाईखान्यात पोचलो. मालकाने जाऊबाईंना बरोबर ओळखलं. "शूटिंगमधल्या त्या तुम्हीच ना?"



जाऊबाईंनी हात जोडले. "साहेब, आता मेले तरी कुणाला कळू देणार नाही. काम तेवढं द्या."