ताईची पारख

"सेकंडहँड नाही गं, व्हिंटेज!" दुकानाच्या पायरीवरच ताईनं धाकट्या बहिणीला दटावलं. "तुझं आपलं सगळं एकाच माळेत."

ताई दोन दिवसांसाठी आली होती. लेकीला पदवीदानाला घालायला तिला एक झकास जुना कोट हवा होता आणि या दुकानाचं नाव मैत्रिणीनं सुचवलं होतं. धाकटी 'कपड्यांतलं काहीतरी' करते, एवढंच तिला ठाऊक. पुढे विचारायचं कधी सुचलंच नव्हतं. जन्मभर ताईचे उतरलेले कपडे वापरणारीला पारख असणार तरी कुठून?

आत शिरताच काउंटरवरची मुलगी चटकन उठून उभी राहिली. ताई सुखावली. माणूस ओळखता येतं म्हणायचं इथल्या लोकांना.

"पण दोन्हींत फरक काय?" धाकटीनं विचारलं.

मुलगी गडबडली. ताईच पुढे सरसावली. "अगं, कुणीतरी कालपरवा वापरून टाकलेलं ते सेकंडहँड. व्हिंटेज म्हणजे वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं तरी हवं, त्या काळाची छाप असलेलं. आणि कुणीतरी जिवापाड जपलेलं."

"जपलेलं. हं," धाकटी म्हणाली.

ताईचा हात थेट एका गडद हिरव्या लोकरी कोटावर गेला. शिंपल्यांची बटणं, रेशमी अस्तर. तिनं कड उलटून पाहिली.

"बघ, काजं हातानं केलेली! याला म्हणतात कारागिरी. कॉलेजात मला असाच एक होता, पण त्याला ही ऐट नव्हती."

"किंमत जास्त वाटते, ताई. कमी करायला सांगू का?"

"मुळीच नाही. अशा वस्तूसाठी घासाघीस करायची नसते. शिक जरा!"

ताईनं पूर्ण किंमत मोजली. गड जिंकल्यासारखी ती मुलीकडे वळली. "आता हा होता कुणाचा तेही सांग. अशा कोटाला इतिहास असतो."

मुलीनं धाकटीकडे पाहिलं. "मालकीणबाई, सांगू?"

धाकटीनं मऊ कागदात कोट गुंडाळला, नीट गाठ मारली आणि पुडकं बहिणीच्या हातात दिलं.

"तुझाच, ताई. मधली सहा वर्षं मी घातला."