तोंडाळ पिल्लू

"हे घे. लय गरीब हाय. पोट भरलं की दिवसभर आवाज न्हाय," असं म्हणत वेणूबाईने पांढरं पिल्लू सोनूबाईच्या मांडीवर ठेवलं.

सोनूबाईने ते लगेच खाली सोडलं. "गप बसणारं नको मला."

किहीमला वेणूबाईच्या पडवीत, जुन्या जाळ्याच्या ढिगावर चार पिल्लं होती. सोनूबाई सकाळीच मिनीडोर रिक्षाने येऊन बसली होती आणि लेकीसाठी स्थळं बघावीत तशी एकेकाला नावं ठेवत होती. पांढरं फार गरीब. ठिपक्यांचं झोपाळू. तिसरं कुणाच्याही मागे जाणारं.

"आणि ते?"

कोपऱ्यात एक करडं, मरतुकडं पिल्लू मघापासून केकाटत होतं.

"ते नको. भलतंच तोंडाळ. खायला जरा उशीर झाला की आळी गोळा करतं. दोन घरांनी परत आणून दिलं."

"खायला दिलंच न्हाय, तर थकून झोपतं का?"

"झोपतंय कसलं! घसा बसंपर्यंत वरडतं."

"मग हेच दे."

वेणूबाई हसली, पण तिला वाईटही वाटलं. दोन महिन्यांपूर्वी रंगू गेली होती. रंगू आणि सोनूबाई, दोघी विधवा, कोळीवाड्याच्या दोन टोकांना राहायच्या. चाळीस वर्षं दोघींनी एकत्र बोंबील वाळवले होते, एकत्र भांडल्या होत्या. आता घर खायला उठतं, तेव्हा बाईला काहीतरी आवाज हवा असणार, असं वेणूबाईने मनाशी ठरवलं आणि पिल्लू पिशवीत घालून दिलं.

सोनूबाईच्या मुलालाही बरं वाटलं. सुजित पनवेलला असायचा. "इकडे ये, नाहीतर सोबतीला कुणीतरी ठेव," असा त्याचा धोशा होता. घर सोडायचं सोनूबाईच्या जिवावर यायचं, आणि एकटीने राहायची भीतीही वाटायची. ती भीती तिने कुणाला सांगितली नव्हती. "मांजर आणलंय," एवढंच तिने फोनवर सांगितलं.

मांजर लाडकं मात्र झालं नाही. सोनूबाई त्याला मांडीवर घ्यायची नाही. सकाळी ठोक्याला सात वाजता सुकटभात द्यायची, त्याआधी शीतही नाही. ते साडेसहापासून शेजारच्या बाजूच्या खिडकीत बसून गळा काढायचं.

शेजारची सुचिता पहाटे जेट्टीवरून मासळी आणून घटकाभर आडवी व्हायची. पंधरा दिवस तिने कळ काढली.

मग एका सकाळी मांजर ओरडलंच नाही.

चुलीशी बसलेली सोनूबाई दचकून उठली. सुचिता गजांतून हात घालून त्याला बांगड्याचं डोकं भरवत होती.

"बघ मावशी, कसं गप झालं! आता मी रोज घालीन. तू निवांत झोप."

सोनूबाईने ते डोकं हिसकून बाहेर भिरकावलं. "पुन्हा घालू नको! सांगून ठेवते."

सुचिताचं तोंड उतरलं. "मुक्या जनावराला घास दिला तर काय चुकलं माझं? भुकेनं रडतं ते. मला ऐकवत न्हाय."

मांजर पुन्हा सुरू झालं. सोनूबाईचा राग ओसरला आणि डोळे भरून आले. तिने गजांतून सुचिताचा हात धरला.

"न्हाय ऐकवत ना? म्हणून तर आणलंय. रंगू तीन दिवस आत पडून व्हती, कुणाला कळलं न्हाय. हे सात वाजून गेल्यावरही वरडत राहिलं, तर दार फोड, बाय."