आधी डावा डोळा

मुलगी जिन्यातच थांबली.

"काका, मी वर येत नाही. इथूनच परत जाते."

रंगाऱ्याने तिच्या हातातली बॅग घेतली. एकेचाळीस वर्षं तो तिच्या वडिलांच्या चेहऱ्याला रंग लावत आला होता. मेकअपमन म्हणायला साहेबांना जड जायचं, म्हणून ते त्याला रंगारी म्हणत. मग सगळेच म्हणू लागले.

"एकवीस वर्षांनी आलीस," तो म्हणाला. "आता अकरा पायऱ्यांसाठी अडून बसू नकोस."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"म्हणतात, ज्यांना भेटायचंय त्यांनी भेटून घ्या."

ती पायरीवरच बसली.

साहेबांनी नव्वदच्या वर चित्रपट केले होते. सुरुवात नाटकात, पडद्याआडून दुसऱ्यांना वाक्यं सुचवण्यापासून. मग किरकोळ कामं, मग नायक, आणि केस पांढरे झाल्यावर बाप. नायक म्हणून ते चालले. बाप म्हणून लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. त्यांच्या रडण्याची तर ख्यातीच होती. ग्लिसरीन नाही, काही नाही. आधी डावा डोळा भरायचा, मग बऱ्याच वेळाने उजवा. तोवर अर्ध्या थिएटरचे रुमाल बाहेर आलेले असायचे.

सगळ्यात गाजला तो तुरुंगातून सुटलेला बाप. दारात उभा राहून मुलीची माफी मागणारा. तो प्रसंग चित्रित झाला त्या दिवशी त्यांची बायको दवाखान्यात होती. सेट दुसऱ्या दिवशी पाडायचा होता. दवाखान्यातून मुलीने तीनदा फोन केला. तिन्ही वेळा निरोप आला, एवढा शॉट झाला की निघतो. साहेब पोहोचले तेव्हा पंधरा वर्षांची पोर रिकाम्या खाटेशेजारी एकटीच बसली होती.

त्या भूमिकेसाठी त्यांना वर्षातला सर्वांत मोठा पुरस्कार मिळाला. मुलगी मावशीकडे राहायला गेली ती कायमचीच. साहेबांची पत्रं तिने न फोडता परत पाठवली. लग्नालाही बोलावलं नाही.

"मला एकाच गोष्टीची भीती वाटते," ती आता म्हणाली. "ते रडतील. आणि ते खरं की खोटं, मला कळायचं नाही."

"पोरी, माणूस दोन वर्षं अंथरुणाला खिळलाय. समोरचं धड दिसत नाही, सावल्या तेवढ्या कळतात. कॅमेरा नाही, लाइट नाही. कुणासाठी करतील नाटक?"

"माझी आठवण काढतात?"

"दुसरं करतात काय? गेल्या वर्षी तुझ्यासाठी अन्न सोडलं होतं. चार दिवस."

"मग?"

"मग काय… जेवले एकदाचे." रंगारी बॅगेची चेन उगाच मागेपुढे करत राहिला. "चल. ऊन चढतंय."

ती उठली.

खोलीत औषधांचा वास होता. खिडकीचा पडदा अर्धा ओढलेला. साहेब उशीला टेकून बसले होते. केवढा तो पहाडासारखा माणूस, आता चादरीखाली आहे की नाही कळत नव्हतं.

"साहेब," रंगारी म्हणाला, "बघा कोण आलंय."

"बाबा."

त्यांनी मान वळवली.

"आलीस?"

ती स्टुलावर बसली. वाटेत तिने काय काय बोलायचं ते मनात घोळवलं होतं. त्यातलं एकच वाक्य बाहेर पडलं.

"आई शेवटपर्यंत दाराकडे बघत होती."

"बघत असणार."

"तीनदा फोन केला मी."

"हो. तीनदा."

नाकबूल करतील, कामाची सबब सांगतील, असं तिला वाटलं होतं. त्यांनी नुसता हात पुढे केला आणि हवेतच चाचपडला. तिने तो धरला. हाडंच लागली.

"मी सहा वर्षांची असताना स्टुडिओतल्या ट्रॉलीवरून पडले होते," ती म्हणाली. "तुम्ही चालू शॉट सोडून धावत आलात. आठवतं? मी तेवढंच धरून बसले होते, बाबा. माझ्यासाठी शॉट सोडणारा माणूस तिच्यासाठी का नाही आला, हेच मला कळेना."

दाराशी उभ्या रंगाऱ्याने मान खाली घातली. त्या दिवशी तिच्या गुडघ्याला मलम त्यानेच लावलं होतं.

"चुकलं माझं," साहेब म्हणाले. "माफी मागायलाही तोंड नाही मला."

त्यांचा डावा डोळा भरला. मग बऱ्याच वेळाने उजवा.

ती बघत राहिली. मग तिने कपाळ त्यांच्या हातावर टेकलं आणि एकवीस वर्षांचं रडून घेतलं.

"झालं ते झालं, बाबा. मी माफ केलं. मनापासून."

थोड्या वेळाने ती उठली. ओढणीने त्यांचं तोंड पुसलं. "ओठ किती सुकलेत. थांबा, पाणी आणते. आणि काका, आजचं परतीचं तिकीट रद्द करा. मी राहतेय."

ती स्वयंपाकघराकडे गेली. रंगारी पलंगाजवळ आला. त्याला हसावं की रडावं कळत नव्हतं.

"गेली का?" साहेबांनी हळूच विचारलं.

"पाणी आणायला गेलीय. राहतेय ती, साहेब!"

"नको रे. उगाच अडकवू नकोस. तिलाही तिचं घरदार असेल."

रंगाऱ्याला अर्थबोध होईना. तेवढ्यात ती पाण्याचा पेला घेऊन दारात आली. त्याने साहेबांना हाताने गप्प राहायची खूण केली. साहेबांना ना ती खूण दिसली, ना दारातली पोर.

"जीव ओतून काम केलं हं पोरीने," ते म्हणाले. "समोरचा इतकं देतोय म्हटल्यावर मीही कसर ठेवली नाही."

"साहेब, अहो ऐका—"

"गेल्या वर्षी आणली होतीस तिच्यापेक्षा ही कितीतरी सरस. पण रंगाऱ्या, माझी पोर असती ना, तर तिने माफ केलं नसतं."