टाळूवरची टाचणी

दिवाळीतल्या पाडव्याच्या सकाळी आष्टीच्या द्वारकाबाईनं नवऱ्याला पाटावर बसवलं आणि तेलाची वाटी घेतली. रंगनाथ सत्याग्रहात पकडला गेल्ता. निजामाचं राज्य गेलं तसा तुरुंगातून सुटून आल्ता. गावानं ओवाळलेला हाच माणूस आठ दिवसांत तिच्यावर हात उचलायला लागला. परवाचा वळ अजून तिच्या दंडावर होता.

शेजारी बसलेल्या लेकीच्या, ठकीच्या मनातून कालच्या गोष्टीतला राक्षस जात नव्हता. "माय, त्यो मुळातच वाईट व्हता का?"

"न्हाई गं. चांगला राजपुत्र व्हता. जादूगारणीनं टाळूत टाचणी खुपसली, मंग झाला राक्षस."

"पर माणसं तर त्यानंच खाल्ली ना?"

द्वारकाबाईनं तळहातावर तेल घेतलं. आल्यापासून झोपेतही न काढलेला पटका आज नवऱ्यानं पहिल्यांदा उतरवला होता. तेल जिरवता जिरवता तिचं बोट टाळूवर अडलं. केसांखाली बोट बुडेल एवढा खड्डा होता.

"हे कधी झालं वो?"

रंगनाथचे खांदे थरथरायला लागले.

ठकी जवळ सरकली. "सापडली का माय? उपट ना मंग, जल्दी!"