सर्जेरावाचा सायलेन्सर

"हा नको, आणखी दणका पाहिजे. गाडी वेशीत शिरली की गावाला कळलं पाहिजे," सर्जेराव म्हणाला. गॅरेजवाल्यानं त्याच्या पिकअपला सायलेन्सर बदलून बदलून ऐकवले. शेवटच्यानं दुकानाचा पत्रा थडथडला. सर्जेरावानं तोच बसवून घेतला.

दुसऱ्या पहाटेपासून तो गर्जत दूध गोळा करायला येऊ लागला. आणि रस्त्याकडेला राहणाऱ्या आनुसाक्काची दुधाची किटली रिकामी होत चालली. तिचं पोट एका म्हशीवर.

"ऐन धारेला म्हस पान्हा चोरती रं," एके दिवशी ती रडवेली होऊन म्हणाली. "कुणाची नजर लागली, कळंना."

"म्हातारी झालीया ती. विकून टाक," म्हणत त्यानं गाडी सुरू केली.

रस्त्याकडेच्या गोठ्यात म्हशीनं दाव्याला हिसडा दिला आणि ती थरथरत भिंतीला भिडली. आनुसाक्का धावली. दोन्ही हातांनी तिचे कान झाकत म्हणाली, "भिऊ नगंस बाई, आपला सर्जाच हाय."

सर्जेराव मेल्याहून मेल्यासारखा झाला.

दुसऱ्या दिवशी गाडी वेशीबाहेर ठेवून, कॅन खांद्यावर घेऊन तो चालत आला. आनुसाक्काची किटली काठोकाठ भरली होती.

"गाडी कुठाय रं?"

खरं सांगायला त्याची जीभ उचलेना. "वेशीबाहेर हाय. बिघडलीया," तो पुटपुटला.

"म्हंजे तिलाबी नजर लागली म्हण की!" आनुसाक्कानं मूठभर मीठ-मिरच्या पदरात घेतल्या आणि ती वेशीकडे निघाली. "चल, आधी तिची काढू."

सर्जेराव खाली मान घालून तिच्या मागं चालू लागला.